साठ फुटी नाव, साडेसत्तावन्न फुटी लॉक

इंग्लंडच्या कालव्यांवर राहण्यासाठी किंवा भटकंतीसाठी नाव विकत घेऊ पाहणाऱ्याला तेथील जाणते नावाडी सर्वात आधी एकच प्रश्न विचारतात : नाव किती फुटी? इंजिन कोणते, स्वयंपाकघर कसे, शेगडी कोळशाची की डिझेलची, हे सारे नंतर. नाव सत्तावन्न फुटी असेल तर जवळजवळ सारा देश मोकळा. साठ फुटी असेल तर काही ठिकाणी घाम गाळावा लागेल. सत्तर फुटी असेल, तर नकाशाचा ईशान्येकडील एक मोठा तुकडा त्या माणसापुरता मिटलाच म्हणून समजावे. नाव तीच, पाणी तेच. अडते ते दगडी भिंतींच्या एका पेटीत, जिला लॉक म्हणतात.

गोव्याच्या वाचकाला जलमार्ग नवे नाहीत. मांडवी, जुवारी आणि त्या दोहोंना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांवरून खनिजाच्या बार्जांनी अनेक दशके वाहतूक केली. पावसाळ्यात आग्वादकडील मांडवीचे मुख वाळूच्या दांड्यामुळे धोक्याचे होते, तेव्हा बार्ज कुंभारजुव्यातूनच मुरगावकडे वळत. मात्र या मार्गांवर एकही लॉक नाही. पाण्याची पातळी समुद्राच्या भरती-ओहोटीप्रमाणे सगळीकडे एकत्रच वरखाली होते, त्यामुळे नावेला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. इंग्लंडमधील कालवे मात्र डोंगर ओलांडतात, आणि पाण्याला डोंगर चढवायचा तर पायऱ्या कराव्याच लागतात.

लॉकची रचना वर्णनाला सोपी आहे. कालव्याच्या दोन पातळ्यांच्या मध्ये दगडाची किंवा विटांची लांबट पेटी. तिला वरच्या आणि खालच्या टोकाला लाकडी दरवाजे. खालून आलेली नाव पेटीत शिरते, मागचे दरवाजे लागतात, वरच्या झडपा उघडल्या की वरच्या कालव्याचे पाणी पेटीत उतरते आणि नाव त्यावर तरंगत वर येते. पंप नाही, वीज नाही. सारे काम गुरुत्वाकर्षणाचे. पाणी मात्र भरपूर लागते. ७२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ७ फूट चढाच्या एका साध्या पेटीचा हिशेब केला, तर एका वेळी सुमारे एक लाख लिटर पाणी वरून खाली जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात फिरणारे दहा हजार लिटरचे दहा टँकर, आणि तेही एका नावेच्या एका पायरीसाठी! त्यामुळे कालवा खोदणाऱ्या कंपन्या पेटीचा आकार इंचाइंचाने ठरवीत. पेटी मोठी म्हणजे बांधकामाचा खर्च मोठा आणि पाण्याची उधळपट्टी कायमची.

दोन अभियंते, दोन मापे

आज जिला नॅरोबोट म्हणतात, ती सुमारे सात फूट रुंद आणि जास्तीत जास्त बहात्तर फूट लांब असते. हे विचित्र प्रमाण मुख्यतः जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या निर्णयांतून रूढ झाले. ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्यांना जोडणाऱ्या कालव्याचे काम १७६६ साली सुरू झाले. कुंभारकामाच्या उद्योगाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या जोसाया वेजवुड यांनी पहिली कुदळ मारली, कारण चिनी मातीची भांडी खडबडीत रस्त्यांवरून नेताना फुटत आणि कालव्यावर ती शाबूत राहत. वाटेत हेअरकॅसलची टेकडी होती. तिच्या पोटातून २,८८० यार्डांचा, म्हणजे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणायचा होता. बोगदा रुंद करायचा तर खर्च कंपनीच्या आवाक्याबाहेर जाणार. म्हणून नाव अरुंद, म्हणून पेट्याही अरुंद. इतका चिंचोळा तो बोगदा होता की आत घोड्याला वाट नव्हती. माणसे नावेवर आडवी पडून बोगद्याच्या भिंतींवर पाय रेटत, आणि नाव पुढे सरके. ब्रिंडली १७७२ साली वारले. कालवा पुरा झाला १७७७ मध्ये. मध्य इंग्लंडमधील पुढच्या बहुतेक कालव्यांनी त्यांचेच माप उचलले.

यॉर्कशरमध्ये गोष्ट निराळी होती. तेथे कालव्यांच्या आधीपासून हंबर नदीच्या मुखाकडून ‘कील’ नावाची शिडाची गलबते आत येत. बुटकी, पोटाळू आणि दोन्ही टोकांना जवळजवळ चौकोनी अशी ही गलबते चौदा फूट रुंद आणि साडेसत्तावन्न फूट लांब असत. जॉन स्मीटन यांनी १७५७ साली काल्डर नदीच्या खोऱ्याची पाहणी करून जो जलमार्ग आखला, तो या गलबतांसाठी. काल्डर अँड हेबल नेव्हिगेशन या नावाने ओळखला जाणारा तो मार्ग १७७० मध्ये सोवर्बी ब्रिज या गावापर्यंत पोहोचला. त्याच्या पेट्या रुंदीला ऐसपैस, पण लांबीला तोकड्या.

दोघांपैकी कोणीही चुकले नाही, हे येथे नोंदवायला हवे. प्रत्येक कालवा म्हणजे स्वतंत्र खासगी कंपनी, संसदेचा स्वतंत्र कायदा, स्वतंत्र भागधारक. ज्या नावा समोर दिसत होत्या, त्यांच्या मापाने प्रत्येकाने आपली पेटी बांधली. देशाचे कालवे एक दिवस एकमेकांना भिडतील आणि एकच नाव सगळीकडे फिरू पाहील, ही चिंता कोणाच्या वाट्याची नव्हती. रेल्वेच्या रुळांच्या रुंदीवरून पुढे जगभर जे घोळ झाले, त्यांची ही पाण्यावरची पूर्वतयारीच म्हणावी लागेल.

डोंगरापलीकडच्या तीन वाटा

याचा परिणाम पेनाइन्स डोंगररांगेवर सर्वात स्पष्ट दिसतो. पश्चिमेला मँचेस्टर आणि लँकेशर, पूर्वेला लीड्स आणि यॉर्कशर. मधला डोंगर ओलांडणारे तीन कालवे झाले. रॉचडेल कालवा १८०४ मध्ये पुरा झाला. त्याच्या पेट्या बहात्तर फूट लांब आणि चौदा फूट रुंद. हडर्सफील्ड नॅरो कालवा १८११ मध्ये झाला. त्याच्या पेट्या सत्तर फुटी नावेपुरत्या आणि सात फूट रुंद. तिसरा लीड्स-लिव्हरपूल कालवा, जो १७७० मध्ये सुरू होऊन तब्बल सेहेचाळीस वर्षांनी, १८१६ मध्ये संपला. त्याच्या विगन ते लीड्स या टप्प्यातील पेट्या बासष्ट फूट लांब.

आता सत्तर फुटी नाव घेऊन मँचेस्टरहून निघालेल्या माणसाची कल्पना करावी. रॉचडेल कालव्याने तो डोंगर सुखरूप ओलांडतो, सोवर्बी ब्रिजला उतरतो, आणि तेथे साडेसत्तावन्न फुटी काल्डर-हेबल समोर उभा. मागे फिरून हडर्सफील्डची वाट धरली, तर स्टँडेजचा पाच किलोमीटरांचा बोगदा पार करून तो हडर्सफील्ड गावात पोहोचतो. पण तेथून खाली जाणारा ब्रॉड कालवादेखील साडेसत्तावन्न फुटीच, कारण तोही कील गलबतांसाठी बांधलेला. तिसऱ्या वाटेवर बासष्ट फुटांची मर्यादा. तिन्ही दारे बंद! पूर्वी मालवाहतूक चालू असताना याचा अर्थ एवढाच होता की सोवर्बी ब्रिजच्या वखारींत माल एका नावेतून उतरवून दुसऱ्या नावेत भरायचा. हमालांना काम मिळे आणि व्यापाऱ्याला भुर्दंड पडे. त्या दगडी वखारी आजही धक्क्यावर उभ्या आहेत. घराच्या बाबतीत मात्र असे करता येत नाही. घर एका नावेतून दुसऱ्या नावेत भरता येत नाही.

म्हणूनच ‘सत्तावन्न फुटी’ हे आज बाजारातले एक प्रतिष्ठेचे माप बनले आहे. सर्वत्र जाऊ शकणारी नाव म्हणून तिला मागणी असते. पण नावेच्या पोटात राहायचे तर प्रत्येक फूट मोलाचा. आतली रुंदी जेमतेम सहा फूट. सारे घर म्हणजे एक लांबलचक बोळ. त्यात तीन फूट वाढले की न्हाणीघर बसते किंवा दुसऱ्या माणसाला झोपायला फळी मिळते. त्यामुळे पुष्कळ जण साठ फुटी नाव घेतात आणि मग खरा प्रश्न उभा राहतो : साठ फूट साडेसत्तावन्नात मावतात का?

तिरकेपणाचा हिशेब

याचे प्रचलित उत्तर असे : नाव तिरकी घाला. पेटी चौदा फूट रुंद, नाव सात फूट; मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण साधला की लांबी वाढते, हे शाळेत पायथागोरसने शिकवलेच आहे. उत्तर पटण्यासारखे आहे, पण हिशेब केला की गंमत कळते. साडेसत्तावन्न बाय चौदा फुटांच्या आयताचा कर्ण ५९ फूट २ इंच भरतो. म्हणजे नाव दोरीसारखी बारीक असती, तरी फायदा फक्त वीस इंचांचा आणि साठ फूट नाहीतच. नाव तर सात फूट रुंद आहे. ती काड्यापेटीसारखी नेमकी आयताकृती धरली आणि चौदा फुटांच्या रुंदीत बसेल तेवढी तिरकी केली, तर मावणारी लांबी होते सुमारे ५७ फूट १ इंच. सरळ ठेवण्यापेक्षा पाच इंच कमी! तिरके केल्यावर नावेचे कोपरेच भिंतींना जाऊन अडतात.

मग साठ फुटी नावा तेथून जातात कशा? कारण त्या जातात, हे त्या मार्गावर उभे राहून कोणीही पाहू शकतो. याची पहिली फोड नावेच्या आकारात आहे. नॅरोबोटचे पुढचे टोक निमुळते आणि मागचे टोक गोलसर असते. आयताचे अडणारे कोपरे तिला मुळात नाहीतच. त्यामुळे कर्णाचा थोडासा लाभ तिच्या पदरी पडतो. पण मोठा लाभ दुसरीकडे आहे, तो दरवाजांत.

पेटीच्या खालच्या टोकाचे दोन दरवाजे आतल्या बाजूला, पेटीतच उघडतात. पाण्याचा दाब त्यांना बाहेरच्या बाजूला ढकलून एकमेकांवर घट्ट बसवतो, म्हणून त्यांची ही रचना. बंद असताना ते वरच्या पाण्याकडे टोक केलेल्या बाणासारखे दिसतात. उघडताना प्रत्येक दरवाजा पाण्यात एक मोठी कमान घेत भिंतीतील खोबणीत जाऊन बसतो. चौदा फूट रुंदीच्या गलबताला बाहेर पडायला दोन्ही दरवाजे उघडावे लागत. म्हणून दोन्ही दरवाजांच्या फिरण्याची जागा गलबताने मोकळी सोडायची. साडेसत्तावन्न फुटांचे माप त्या गलबताचे आहे. सात फुटी नावेला मात्र एकच दरवाजा पुरतो. दुसरा बंदच ठेवायचा, नावेचे टोक त्याच्या मागच्या जागेत सारायचे, शेजारचा दरवाजा नावेला घासत घासत उघडायचा आणि मग टोक बांबूने रेटून मोकळ्या बाजूला आणायचे. गलबताला वापरता न येणारी दरवाजाची अर्धी जागा नॅरोबोटला अशी फुकट मिळते. ‘तिरकी घाला’ या सल्ल्यात हे सारे आलेले असते; फक्त श्रेय कर्णाला जाते.

तरीही हे काम इंचांचे आहे. हॅलिफॅक्सजवळच्या साल्टरहेबल येथील तीन पेट्या या बाबतीत सर्वात अडचणीच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. तेथे पोहोचण्यापूर्वी नावाडी पुढची-मागची दोरखंडाची फेंडरे वर उचलून बांधतात, कारण त्या जाडजूड गुंड्याही काही इंच खातात. काही जण उतरताना नाव उलटी, मागचे टोक पुढे करून नेतात. या तिन्हींपैकी सर्वात खालच्या पेटीला मात्र वेगळाच दरवाजा आहे. १९३० च्या दशकात शेजारचा रस्ता रुंद झाला आणि दरवाजे ढकलण्याचे लांब वासे फिरवायला जागा उरली नाही, म्हणून तेथे सरळ वर उचलला जाणारा पत्रा बसवला. तो फिरतच नाही, त्यामुळे पेटीतली जागाही खात नाही. या मार्गावरच्या अनेक झडपा उघडण्याची तऱ्हाही जुनीच राहिली आहे : इतरत्र लोखंडी हँडल चालते, येथे लाकडाचा एक दणकट सोटा भोकात घालून चाक रेटावे लागते. पाहुण्या नावाड्याकडे तो नसला की त्याची यात्रा पहिल्या पेटीशीच थांबते.

उंबऱ्यावर अडकलेली नाव

लांब नाव आखूड पेटीत नेण्यातला खरा धोका घासण्याचा नाही. वरच्या दरवाजांच्या खाली, पाण्यात बुडालेला एक दगडी किंवा काँक्रीटचा उंबरा असतो. पेटी भरलेली असताना तो दिसत नाही. नाव खाली उतरत असताना पाणी ओसरते आणि उंबरा उघडा पडतो. नावेचे मागचे टोक नकळत त्याच्या वर राहिले, तर ते तेथेच टेकते; पुढचे टोक पाण्याबरोबर खाली जात राहते. काही क्षणांत नाव पुढे कलंडते, पुढच्या दारातून पाणी आत शिरते आणि अठरा-वीस टनांचे लोखंडी घर पेटीच्या तळाशी जाऊन बसते. आत झोपलेली माणसे असली तर बाहेर पडायला मिळणारा वेळ फार थोडा. खालच्या झडपा तत्काळ बंद करून वरून पाणी हळूहळू सोडणे हा एकच उपाय. तोही कोणी काठावर हँडल घेऊन उभे असेल तर.

म्हणून पेटीच्या काठावर उंबरा कोठवर येतो ते दाखवणारी पांढरी रेघ रंगवलेली असते आणि नाव तिच्या पुढे ठेवावी असा दंडक आहे. सत्तावन्न फुटी नावेला ही रेघ पाळायला पुढे-मागे थोडी तरी जागा असते. साठ फुटी नावेला ती जागा जवळजवळ नसतेच : मागे उंबरा, पुढे दरवाजा. नाव उलटी नेण्यामागचे एक कारण हेच की सुकाणू आणि पंखा ही नाजूक, खोल बुडालेली अवयवे उंबऱ्यापासून दूर राहतात. वर चढताना धोका दुसऱ्या टोकाला असतो : दरवाजाच्या एखाद्या आडव्या लाकडाखाली नावेचे नाक अडकले आणि खालून पाणी वाढत राहिले, तर परिणाम तोच.

अरुंद पेट्यांत तर तिरकेपणाची सोयच नाही. सात फुटांत सात फूट. तेथे लांबीपेक्षा रुंदी रडवते. दोन-अडीच शतकांत मातीच्या दाबाने काही भिंती आत सरकल्या आहेत. लँगॉलेन कालव्याच्या मुखाशी हर्लस्टन येथील एक पेटी अशीच चिमटत गेली आणि जुन्या, किंचित रुंद नावा तीत अडकू लागल्या. अखेर ती पेटी उतरवून पुन्हा बांधावी लागली. आजकालच्या नावा सहा फूट दहा इंचांच्या करतात, त्या याच भीतीने.

मापाची किंमत

हा सारा खटाटोप हौसेचा वाटेल, आणि सुटीपुरती नाव भाड्याने घेणाऱ्यांसाठी तो तसा आहेही. पण ब्रिटनमध्ये घरांच्या किमती आणि भाडी न परवडल्याने नावेवर कायमचे राहणारे पुष्कळ आहेत. ज्यांच्याकडे ठरलेला धक्का नाही, त्यांना १९९५ च्या कायद्यानुसार एका जागी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येत नाही. प्रवास चालू ठेवावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग सांभाळणारा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट २०१२ पासून हे नियम राबवतो. अशा कुटुंबाच्या दृष्टीने नावेची लांबी म्हणजे नोकरी, शाळा आणि दवाखाना कोणत्या प्रदेशात शोधता येईल याची हद्द. सत्तर फुटी नाव स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि काम लीड्सजवळ लागले, तर नाव ट्रकवर चढवून क्रेनने पलीकडे उतरवण्याची वेळ येऊ शकते.

उलट उपायही आहे : नाव कापणे. लोखंडी सांगाडा मधोमध चिरून काही फूट काढून घ्यायचे आणि पुन्हा सांधायचे, हे काम तेथील कारखाने सर्रास करतात. मालवाहतूक संपल्यावर कित्येक जुन्या बहात्तर फुटी मालनावा अशा कापून आटोपशीर केल्या गेल्या. पुढे वारसा म्हणून त्यांचे मोल कळल्यावर काहींना नवा तुकडा जोडून पुन्हा मूळ लांबीवर आणण्यात आले. एकाच नावेने आयुष्यात दोनदा माप बदलावे, अशी उदाहरणे त्यामुळे घडली.

हाच न्याय मोठ्या पाण्यावरही चालतो. गोव्यातील तारवटींना ‘पॅनामॅक्स’ हा शब्द परिचित आहे. पनामा कालव्याच्या जुन्या लॉकची लांबी १,००० फूट आणि रुंदी ११० फूट. त्यात मावतील अशीच जहाजे जगभरच्या गोद्यांत जवळजवळ शतकभर बांधली गेली. २०१६ मध्ये तेथे अधिक मोठी लॉक खुली झाली, आणि जहाजांचे माप वाढले. पनामाला नवी पेटी बांधणे परवडले, कारण तिच्यातून जगाचा व्यापार जातो. काल्डर-हेबलच्या पेट्या वारसा म्हणून जपल्या जातात आणि त्यांतून जातात ती घरे. त्या लांबवण्यासाठी पैसा घालणारे कोणी नाही.

त्यामुळे साठ फुटी नाव घेणाऱ्याला जाणते लोक देतात तो सल्ला साधा आहे. विक्रेत्याच्या कागदावरचा आकडा प्रमाण मानू नये. फीत घेऊन नाव टोकापासून टोकापर्यंत, सुकाणूसकट मोजावी. कागदावरची साठ कधी साठ फूट चार इंच निघते आणि साल्टरहेबलला ते चार इंच भारी पडतात. पहिल्या वेळी पेटीत एकट्याने शिरू नये. एक माणूस काठावर झडपेशी, एक सुकाणूपाशी आणि एकाची नजर सतत पांढऱ्या रेघेवर असावी. आणि दरवाजा शेवटचे दोन इंच उघडेना, तर जोर लावण्याऐवजी थांबून पाण्याखाली पाहावे : बहुतेक वेळा खोबणीत वाहून आलेला लाकडाचा ओंडका अडकलेला असतो.